आठवड्यातून दोनदा : आयसीएमआरच्या महासंचालकांना खुलं पत्र

मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद,
नवी दिल्ली

महोदय,



मी डायलिसिसवर असलेली एक रुग्ण. निवृत्त होण्यापूर्वी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होते. या पत्रातली मागणी मला डायलिसिसच्या खाटेवर सुचली आणि ती मांडायला माझा विषय उपयोगी पडला. मागणी आधी सांगते, कारणं मागून. आपल्या देशात आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे जे असंख्य रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी परिषदेनं स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या देखरेखीखाली, सरकारी डायलिसिस केंद्रांमध्ये, एक मोठी क्लिनिकल ट्रायल करावी.

माझे वार सोमवार आणि गुरुवार. दर वेळी चार तास. आठवड्याचे तास १६८. निरोगी माणसाची मूत्रपिंडं त्यातला एकही तास सुट्टी घेत नाहीत. माझ्यासाठी मशीन आठ तास काम करतं. पाश्चात्त्य देशांत तीनदा डायलिसिस करण्याची रीत आहे, म्हणजे बारा तास. आमच्या केंद्रात बहुतेकांचे वार दोनच: कुणाचे मंगळवार-शुक्रवार, कुणाचे बुधवार-शनिवार. डॉक्टर तीनदा यायला सांगतात आणि ते योग्यच सांगतात. पण तिसरा वार जमत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे अनेकांना डायलिसिसचे पैसे मोजावे लागत नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी कृतज्ञतेनं नोंदवते. तरीही गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचा खर्च, सुगीत घरचं कुणीच मोकळं नसणं, मशीनवर जागा नसणं ही कारणं उरतातच. माझ्या शेजारच्या खाटेवरचे काका द्राक्षबागेत मजुरी करायचे. आता त्यांचा मुलगा करतो आणि दर वेळी एक खाडा पाडून वडिलांना घेऊन येतो. तिसरा वार म्हणजे त्या मुलाचा आठवड्यातला तिसरा खाडा.

हे असं चालतं हे आपल्याला ठाऊकच असेल. मला लक्ष वेधायचं आहे ते पुढच्या गोष्टीकडे.

२०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ३२,०६५ डायलिसिस रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे. सोमवार-बुधवार-शुक्रवार असे वार असले की शनिवार-रविवार असे दोन दिवस सलग मोकळे जातात. या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त होतात का, एवढंच संशोधकांनी विचारलं. उत्तर ‘होतात’ असं आलं. त्या दिवशी मृत्यूचं प्रमाण शंभर रुग्ण-वर्षांमागे २२.१, इतर दिवशी १८.०. हृदयविकाराचा झटका, हृदय कमजोर पडून दाखल व्हावं लागणं, पक्षाघात, या सगळ्यांत त्या एका दिवशी तशीच वाढ दिसली. कारण समजायला अवघड नाही. मोकळ्या दिवसांत शरीरात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं, हृदयावर ताण येतो आणि मग चार तासांत ते सगळं एकदम उपसलं जातं.

आता माझे वार पाहा. सोमवार आणि गुरुवारच्या मध्ये मंगळवार-बुधवार, दोन दिवस मोकळे. गुरुवार आणि सोमवारच्या मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार, असे तीन. अमेरिकेत जो धोक्याचा मोठा खंड ठरला, तो आमचा छोटा खंड आहे. आमच्या मोठ्या खंडाला त्या अभ्यासाच्या तक्त्यात रकानाच नाही.

मग मी मागं जाऊन शोधू लागले की डायलिसिस किती करावं हे मुळात तपासलं कुणी. अमेरिकेतला पहिला मोठा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला: राष्ट्रीय सहकारी डायलिसिस अभ्यास. त्यात डायलिसिसचा वेळ आणि रक्तातल्या युरियाची पातळी बदलून पाहिली. वार सगळ्यांचे तीन. २००२ मधला ‘हेमो’ अभ्यास, १,८४६ रुग्ण: डायलिसिसची मात्रा वाढवली, गाळणी बदलली, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, वार पुन्हा तीनच. २०१० मध्ये २४५ रुग्णांवर तीनदा विरुद्ध सहादा अशी तुलना झाली. सहादा करणाऱ्यांच्या हृदयाला फायदा दिसला, पण फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीच्या, तक्रारी वाढल्या. म्हणजे तीन हा आकडा आधी रूढ झाला आणि संशोधन त्याच्या वरच्या बाजूला होत राहिलं. खालच्या बाजूला, जिथं आम्ही आहोत, तिकडे फार कमी पाहिलं गेलं.

अलीकडे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोनदा डायलिसिस करून पाहण्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि मोठ्याही होऊ घातल्या आहेत. पण तो प्रश्न वेगळा आहे. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, अशा नव्या रुग्णांना सुरुवातीला दोनदा पुरेल का, हे ते पाहतात. तिथं लघवी मोजून ठरवतात आणि ती कमी झाली की वार वाढवतात. आमच्याकडे वार ठरवतं ते घरचं उत्पन्न. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या, दिवसाला पेलाभरही लघवी न होणाऱ्या माणसालाही दोनच वार मिळतात.

इथं संख्याशास्त्राचा एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. दोनदा डायलिसिस घेणाऱ्यांच्या नुसत्या नोंदी चाळल्या, तर काही ठिकाणी ते तीनदा घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसतात. त्यावरून दोनदा पुरतं असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पण ज्यांची मूत्रपिंडं थोडीफार चालू आहेत, त्यांनाच अनेक देशांत दोनदा बोलावलं जातं; ते मुळातच बरे असतात. उलट आपल्याकडे जो गरीब आहे तो दोनदा येतो, त्याचं पोषण कमी, घर लांब. तो आजारी दिसला तर दोष दोन वारांचा की गरिबीचा, हेही नोंदींवरून कळत नाही. हा गुंता सोडवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवणं. म्हणून मी नुसतं सर्वेक्षण मागत नाही, ट्रायल मागते.

मूत्रपिंडाच्या संशोधनानं जे दिलं आहे, त्याचा मला अनादर नाही. लोसार्टनवरचा २००१ चा अभ्यास, डापाग्लिफ्लोझिनवरचा २०२० चा अभ्यास, यांमुळे आज मधुमेही माणसाची मूत्रपिंडं आणखी काही वर्षं टिकवता येतात. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि गोळी स्वस्त झाली, त्याचा लाभ माझ्या धाकट्या भावाला मिळतो आहे. पण मी या पत्रात ज्यांच्याबद्दल बोलते आहे, त्यांची मूत्रपिंडं गेलेली आहेत.

उत्तर काय येईल हे आधी ठाऊक नसतं, म्हणूनच चाचणी करायची असते. आणि या क्षेत्रात उत्तरांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. हिमोग्लोबिनचंच घ्या. मूत्रपिंड बिघडलं की रक्त कमी होतं, म्हणून एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देतात. हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं नेलं तर रुग्ण जास्त जगेल, असं सगळ्यांना वाटत होतं. १९९८, २००६ आणि २००९ अशा तीन मोठ्या चाचण्यांनी ते खोटं ठरवलं. २००६ च्या चाचणीत १३.५ चं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात ११.३ च्या गटापेक्षा मृत्यू आणि हृदयाचे आजार जास्त झाले. २००९ च्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. मला दर आठवड्याला मिळणाऱ्या इंजेक्शनचा डोस या चाचण्यांमुळे जपून ठरतो.

दुसरं उदाहरण तर थेट पैशाचं आहे. डायलिसिस लवकर सुरू केलेलं बरं, असा समज होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर ‘आयडियल’ नावाची चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाचं डायलिसिस मूत्रपिंडाचं काम थोडं जास्त शिल्लक असतानाच सुरू केलं, दुसऱ्याचं लक्षणांकडे लक्ष ठेवून उशिरा. दोन्ही गट सारखेच जगले आणि उशिराच्या गटाला साधारण सहा महिने डायलिसिस लागलं नाही. सहा महिने सुया टोचून घ्याव्या लागल्या नाहीत, खाडे पडले नाहीत. एखाद्या गरीब देशानं हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

आता खर्चाबद्दल, कारण तुमच्या कार्यालयात पहिला आक्षेप तोच येईल. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातली ‘मायटेम्प’ ही चाचणी पाहा. प्रश्न साधा: डायलिसिसचं पाणी किंचित थंड ठेवलं तर हृदयाला जपता येतं का? बीपी पडत नाही, म्हणून अनेक केंद्रांनी पाणी थंड ठेवायला सुरुवातही केली होती. संशोधकांनी रुग्णांऐवजी केंद्रंच चिठ्ठीनं वाटून घेतली. ८४ केंद्रं; निम्म्यांनी पाणी रुग्णाच्या अंगाच्या तापमानापेक्षा थोडं कमी ठेवलं, निम्म्यांनी नेहमीचं ३६.५ अंश. वेगळे तपासनीस नेमले नाहीत, रुग्णांना जादा खेपा घालायला लावल्या नाहीत. कोण दाखल झालं, कोण गेलं, हे प्रांताच्या आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींतूनच उचललं. चार वर्षांत १५,४१३ रुग्ण त्यात आले. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: हृदयाच्या आजारांत आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत काहीही फरक नाही. थंड पाण्याच्या गटातल्या रुग्णांना मात्र अंगात थंडी भरल्यासारखं जास्त वाटत राहिलं. हजारो माणसं कुडकुडत होती त्याचा हृदयाला उपयोग नाही, हे नेहमीच्या नोंदवहीतून कळलं.

आपल्याकडे तशी नोंदवही घडवता येण्यासारखी आहे. सरकारी योजनेतल्या प्रत्येक डायलिसिसची नोंद बिलासाठी होतेच. कुणी कधी डायलिसिस घेतलं, किती वेळा घेतलं, कधीपासून यायचं थांबलं, हे तिथं असणार. ‘थांबलं’ याचा अर्थ माणूस गेला, की प्रत्यारोपण झालं, की गाव सोडलं, हे मात्र बिलात लिहीत नाहीत. आमच्या केंद्रात एखादी खाट रिकामी दिसली की आम्ही एकमेकांना विचारतो. कधी कळतं, कधी कळत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अशी नोंदणी १९७७ पासून आहे, अमेरिकेची १९८८ पासून, आणि त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे भारतीय नेफ्रोलॉजी सोसायटीनं स्वतः पुढाकार घेऊन मूत्रपिंडविकाराची नोंदणी चालवली आणि बावन्न हजारांहून अधिक रुग्णांची माहिती २०१२ मध्ये मांडली. तिच्यात सुमारे १६ टक्के रुग्णांच्या आजाराचं कारणच अज्ञात होतं. डॉक्टरांनी स्वेच्छेनं एवढं केलं. बाकीचं सरकारचं काम आहे.

चाचणी कशी करावी, याबद्दल मला जे सुचतं ते लिहिते. आज तीनदा येणाऱ्या कुणाचाही तिसरा वार काढून घेऊ नये. ते अन्यायाचं होईल आणि कुठलीही नीतिसमिती त्याला मान्यता देणार नाही. पण तिसऱ्या वाराची सोय, म्हणजे जादा पाळी, जादा मशीन, रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासखर्च, ही सगळ्या जिल्ह्यांत एका दिवशी सुरू करणं सरकारला शक्य नसतं. ती टप्प्याटप्प्यानंच सुरू होईल. मग कोणता जिल्हा आधी आणि कोणता नंतर, हे मंत्र्यांच्या मतदारसंघावरून न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवा. ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते जिल्हे तुलनेचा गट होतील, आणि शेवटी सोय सगळ्यांनाच मिळालेली असेल. अशा रचनेच्या चाचण्या जगभर होतात, त्यांचं गणित पक्कं आहे.

सुरुवातीलाच प्रत्येक रुग्णाची चोवीस तासांची लघवी मोजा. त्याला एक प्लॅस्टिकचा कॅन लागतो. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांच्या अभ्यासाचं २००१ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा दिवसाला २५० मिलिलिटर जास्त लघवी म्हणजे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी, असं दिसलं होतं. तिसरा वार कुणाला तातडीनं हवा आणि कुणाला थोडा थांबला तरी चालेल, हे या मोजणीतून समजण्याची शक्यता आहे. डॉक्टर आम्हाला ‘लघवी होते का?’ असं विचारतात, आम्ही ‘होते थोडी’ म्हणतो, आणि फाइलमध्ये तेवढंच राहतं.

आणि निकाल म्हणून काय मोजायचं, हे आम्हालाही विचारा. मृत्यू आणि दाखल होणं मोजाच. पण डायलिसिसच्या संशोधनात काय मोजायला हवं, असं अनेक देशांतल्या रुग्णांना, घरच्यांना आणि डॉक्टरांना एकत्र बसवून विचारलं, तेव्हा हृदयविकार, फिस्टुला आणि मृत्यू यांच्या जोडीला एक चौथी गोष्ट अग्रक्रमात आली: थकवा. डायलिसिस करून आलेल्या माणसाचा तो दिवस पुरा जातो. मशीनवरून उठल्यावर जिना चढवत नाही, भाकरी थापवत नाही, नातवाशी बोलवत नाही. तिसऱ्या वारानं हा थकवा कमी होईल की आठवड्यातला आणखी एक दिवस वाया जाईल? मला माहीत नाही, माझ्या डॉक्टरांनाही नाही. काही जण सोय मिळूनही तिसरा वार नाकारतील. त्यांचं कारणही लिहून घ्या. तो चाचणीचाच भाग आहे.

आहाराबद्दल थोडंच लिहिते, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. फॉस्फरस वाढू नये म्हणून आम्हाला डाळ-उसळ कमी करायला सांगतात. २०११ मध्ये अमेरिकेत एक छोटी चाचणी झाली, त्यात फॉस्फरस सारखाच असूनही मांसाहारापेक्षा शाकाहारी जेवणानं रक्तातली पातळी कमी राहिली, कारण धान्य-कडधान्यांतला फॉस्फरस आतड्यात कमी शोषला जातो. त्या चाचणीत रुग्ण होते नऊ. वरण-भात, आमटी, मटकीची उसळ खाणाऱ्या देशात हा प्रश्न हजारो रुग्णांवर तपासायला काय हरकत आहे? मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेच्या सूत्राचंही असंच, तेही इथल्या लोकांवर तपासावं लागतं. क्रिएटिनिनवर आधारलेली परदेशी सूत्रं भारतीयांचं मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगलं दाखवतात, हे चंदीगडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजून दाखवलं आहे.

लोकांच्या मनात चाचण्यांबद्दल भीती आहे, आणि ती निराधार नाही. गरिबांवर नीट संमती न घेता प्रयोग झाल्याच्या तक्रारी आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१९ चे नवे नियम त्या अनुभवातून कडक झाले. म्हणून संमतीचा कागद मराठीत असावा, आणि असा असावा की माझ्या शेजारच्या काकांना तो वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगावा. नाही म्हणणाऱ्याच्या डायलिसिसला धक्का लागणार नाही, हे पहिल्या ओळीत असावं. परदेशी कंपन्यांच्या आणि संस्थांच्या चाचण्यांत भारतीय रुग्ण आजही भाग घेतात, काहींतून उपयोगी ज्ञानही मिळालं आहे. आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडविकारावरच्या ‘टेस्टिंग’ चाचणीत चीन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, मलेशिया यांच्याबरोबर भारत होता. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसनं गंभीर संसर्ग होऊ लागले तेव्हा ती थांबवली, डोस कमी केला, संसर्ग टाळणारं औषध जोडलं आणि पुढे नेली. रुग्णाला जपून संशोधन असं करता येतं. पण दोन वारांचा प्रश्न कुठलीही औषधकंपनी विचारणार नाही, कारण त्याच्या उत्तरातून विकण्यासारखं काही निघत नाही.

महोदय, परिषदेनं याआधी असा प्रश्न विचारलेला आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाचं संशोधन केंद्र उभं राहिलं: आपली परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून. तेव्हा क्षयाच्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवणं हेच योग्य मानलं जाई: विश्रांती, मोकळी हवा, सकस अन्न. भारतात तेवढ्या खाटा नव्हत्या आणि होण्याची शक्यताही नव्हती. १९३ रुग्ण चिठ्ठीनं वाटले. काही सॅनिटोरियममध्ये गेले, काही दाटीवाटीच्या घरांत अपुऱ्या अन्नावर राहून औषध घेत राहिले. १९५९ मध्ये निकाल आला की औषध नियमित घेतलं तर घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे होतात; घरातल्या इतरांना जादा धोका होत नाही, हेही पुढे दिसलं. त्या एका चाचणीनं जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. श्रीमंत देशांची पद्धत आपल्याला परवडत नाही म्हणून हळहळत बसण्याऐवजी, आपल्याला परवडेल ते खरोखर पुरतं का, हे परिषदेनं मोजून पाहिलं. ते केंद्र आज चेन्नईत आपल्याच परिषदेची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून उभं आहे.

हे जुनं वैभव नाही. परिषदेच्या अर्थसाहाय्यानं झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांना घेतलं होतं. ज्या घरांना अन्नधान्याची जादा पिशवी मिळाली, त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. तांदूळ आणि डाळीवर झारखंडच्या खेड्यांत इतकी काटेकोर चाचणी करता येते, तर जिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस कक्षात नक्कीच करता येईल. तिथं रुग्ण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी स्वतः येतो, दर वेळी त्याचं वजन होतं, बीपी घेतलं जातं, आणि पुढचे चार तास तो प्रश्नांची उत्तरं द्यायला मोकळा असतो.

चाचणीचा निकाल दोन वारांच्या बाजूनं लागला, तर तो दाखवून तिसरा वार मागणाऱ्यांची बोळवण केली जाईल, अशी भीती माझ्या एका सहरुग्णानं बोलून दाखवली. ही भीती मला समजते. पण आजही बोळवणच होते आहे, आणि ती कशाच्याही आधाराशिवाय होते आहे. निकाल तीन वारांच्या बाजूनं लागला, तर सरकारकडे जादा पाळ्या मागायला आमच्या हाती आपल्याच देशातला आकडा असेल.

परिषदेच्या पुढच्या संशोधन कार्यक्रमात या चाचणीचा समावेश करावा, तिचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत डायलिसिसवरच्या रुग्णांना बसवावं, आणि योजनेच्या नोंदींमध्ये ‘रुग्ण यायचा का थांबला’ हा एक रकाना येत्या आर्थिक वर्षापासून सक्तीचा करण्याची शिफारस आरोग्य मंत्रालयाला करावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे. पहिली दोन कामं वेळ घेतील. तिसऱ्याला एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही. ते आधी करावं.

आपली नम्र,
सोमवार-गुरुवारच्या पाळीतली एक रुग्ण